‘तेच तर वाजवलं!’

संगीत शिकवणाऱ्यांमध्ये एक वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खुंट्यांना अडकून राहतो. एक बाजू म्हणते, मुलांचे सूर-ताल आधी पक्के होऊ द्या, काही वर्षं घासू द्या, चाली लावायच्या गोष्टी नंतर. दुसरी म्हणते, मूल उपजतच कलावंत असतं, तुम्ही फक्त मध्ये कडमडू नका. परवा असाच एक वाद तासभर ऐकला. दोन्हीकडची माणसं जाणती होती, मुलांवर माया असणारी होती. पण तासाभरात ‘चाल बांधत असताना मूल नेमकं काय करत असतं?’ हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही. मुलाचं वाजवणं ऐकून एकाने ‘यात काय आहे?’ असा चेहरा केला, दुसऱ्याने त्यालाच ‘वा!’ म्हटलं. दोघांनी ऐकलं ते शेवटचं अर्ध्या मिनिटाचं वाजवणं. त्याआधी ती चाल बांधण्यात मुलाची वीस मिनिटं गेली होती, त्यांच्याकडे कुणी कान दिला होता?

माझं म्हणणं असं की मुलाचा विचार त्या वीस मिनिटांत असतो. मोठ्या संगीतकाराला आपण तयार रचनेवरून जोखतो ते ठीकच आहे. त्याने काय काय खोडलं याच्याशी श्रोत्याला देणंघेणं नसतं. मुलाची अक्कल मात्र त्याने काय ठेवलं, काय टाकलं, कुठे पुन्हा पुन्हा परतलं, कुठे अडून बसलं यात दिसते. ते न बघता ‘आधी शिकवा’ किंवा ‘मोकळं सोडा’ असा निकाल देणं म्हणजे गणिताची वही न उघडता नुसत्या उत्तराला गुण देणं.

एक नऊ वर्षांची मुलगी की-बोर्डपाशी बसली होती. तिला इतकंच सांगितलं होतं, तुझं स्वतःचं काहीतरी कर. पहिली तीन-चार मिनिटं नुसती बोटं फिरली. काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत असतात हे तिच्या डोळ्यांनी टिपलं, मग तिने तीन ओळीने वाजवल्या, मग दोन, मग उलट. इथवर चाल कानात नव्हतीच, डोळ्यांत आणि बोटांत होती. मग एक बोट घसरून शेजारच्या पांढऱ्या पट्टीवर पडलं. ती थबकली. तोच सूर पुन्हा वाजवला, या वेळी मुद्दाम. पुढची पाच-सात मिनिटं सगळा खेळ त्या घसरलेल्या सुराभोवती चालला: तीन काळ्या, एक पांढरी, थांबा, तीन काळ्या, एक पांढरी, थांबा. तिसऱ्या खेपेला ती थांबली नाही, सरळ खाली उतरत गेली आणि स्वतःशीच हसली. मी म्हटलं, ‘पुन्हा वाजव ना.’ तिने वाजवलं. पण सुरुवात एक काळी पट्टी डावीकडून झाली होती, त्यामुळे सगळे सूर बदलले होते. मी म्हटलं, ‘हे जरा वेगळं वाटलं.’ ती वैतागली. ‘तेच तर वाजवलं!’

ती चुकत होती का? सूर मोजले तर हो. पण तिच्या लेखी ‘तेच’ म्हणजे काय होतं? चढ, थांबा, चढ, थांबा, चढ आणि घसरगुंडी. हा आकार तिने जसाच्या तसा दोनदा काढला होता. स्मरणशक्तीवर काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना ही गोष्ट नवी नाही. डब्ल्यू. जे. डाउलिंग यांनी १९७०च्या दशकापासून दाखवलं आहे की चालीचा चढ-उतार मनात आधी आणि सहज बसतो, सुरांमधली नेमकी अंतरं मागाहून. आपणही अर्धवट आठवणारं गाणं गुणगुणतो तेव्हा याहून वेगळं काय करतो? म्हणजे मुलीपाशी ‘सारखेपणा’ची एक व्याख्या होती आणि ती तिला धरून चालत होती. माझी व्याख्या वेगळी होती, एवढंच. ‘बेसूर’ किंवा ‘छान’ म्हणून मोकळं झालो असतो तर ही व्याख्या दिसलीच नसती.

आता ‘आधी शिकवा’वाल्यांचा सर्वांत जड मुद्दा घेऊ. ते म्हणतात, जे पुन्हा वाजवता येत नाही त्याला रचना कसं म्हणायचं? तो चाळा झाला. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या जॉन क्रेटस यांनी १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७, ९ आणि ११ वर्षांच्या ६० मुलांना एकेकटं की-बोर्डसमोर बसवून गाणं रचायला १० मिनिटं दिली होती, आणि तो वेळ कशात गेला हे मोजलं होतं: नवं धुंडाळण्यात, सापडलेलं फिरवून बघण्यात, तेच पुन्हा वाजवण्यात, की गप्प बसण्यात. सात वर्षांच्या मुलांचा वेळ मुख्यतः धुंडाळण्यात गेला. नऊ आणि अकराची मुलं सापडलेल्याकडे परत येत होती, त्याला वळवून बघत होती. तेव्हा लहान मुलांचं बरंचसं वाजवणं भटकणं असतं, हे मान्य. त्याला उगाच ‘सर्जन’ वगैरे भारदस्त शब्द चिकटवू नयेत.

पण यातून ‘म्हणून थांबा’ हे कसं निघतं? परत येणं, आठवून ठेवणं, ताडून बघणं हेच तर चाल बांधण्याचं खरं काम, आणि ते हात घातल्याशिवाय येणार कुठून? सरगम घोटल्याने सरगम पक्की होते. ‘मघाशी जे सापडलं ते हरवू न देणं’ ही वेगळी विद्या आहे. बोलायला शिकणाऱ्या मुलाकडे बघा. ते ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणतं. घरात तसं कुणी बोलत नसतं. भर-भरलं, धर-धरलं यावरून त्याने मनातल्या मनात नियम काढला आणि ‘कर’ला लावून टाकला. चूक आहे, पण पोपटाला ही चूक जमणार नाही. संगीतातलं ‘करलं’ आपण ऐकायचं ठरवलं तर ते जागोजाग सापडतं. इंग्लंडमध्ये कीथ स्वानविक आणि जून टिलमन यांनी मुलांच्या शेकडो रचना तपासून १९८६मध्ये जे मांडलं त्यात हे दिसतं: सात-आठच्या सुमारास मुलं आपसूक दोन-दोन, चार-चार मापांच्या (म्हणजे तालाच्या सारख्या घरांच्या) ओळी करू लागतात, कारण कानावर पडलेली गाणी तशी असतात. दहाच्या आसपास ती हाच साचा मुद्दाम मोडतात, शेवटी काहीतरी अनपेक्षित घुसवतात. तेरा-चौदाला कुठल्या तरी ओळखीच्या शैलीचं घर गाठतात. या पायऱ्यांवर पुढे टीकाही झाली आणि ती रास्त आहे. मूल जिन्यासारखं एकेक पायरी चढत नाही. माझ्यासमोरच्या मुलीने वीस मिनिटांत बोटांच्या चाळ्यापासून ‘तिसऱ्यांदा थांबायचं नाही’ या युक्तीपर्यंतचा पल्ला गाठला होता. दोनदा एक सवय लावायची आणि तिसऱ्यांदा ती मोडायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोन्ही बाजू अठराव्या शतकातल्या मोत्झार्ट या संगीतकाराला साक्षीला बोलावतात म्हणून त्याचंही बघू. १७६७मध्ये, अकराव्या वर्षी, त्याने चार कॉन्चेर्तो केले, म्हणजे एकटा पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना. पुढे दीडशेक वर्षांनी अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्यांतली सामग्री त्याची नव्हती. त्या काळच्या इतर संगीतकारांच्या सोनाटांमधले, म्हणजे एकदोन वाद्यांसाठीच्या रचनांमधले, भाग घेऊन त्याने त्यांना वाद्यवृंदाची साथ जोडली होती. ‘उपजत प्रतिभा’वाल्यांना हा दणका आहे, इतिहासातलं सर्वांत नावाजलेलं मूलही दुसऱ्याच्या चालींवर हात साफ करत होतं. पण ‘आधी शिका’वाल्यांनीही टाळ्या पिटू नयेत. त्याला कुणी थांबवून ठेवलं नव्हतं. पाचव्या वर्षीच्या त्याच्या छोट्या रचना बहिणीच्या वहीत वडिलांच्या अक्षरात उतरलेल्या आहेत, म्हणजे करणं आणि शिकणं पहिल्यापासून हातात हात घालून चाललं होतं. आणि ती ‘नक्कल’ तरी किती बिनडोक म्हणायची? दुसऱ्याचा सोनाटा समोर ठेवून वाद्यवृंदाने कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, एकट्या पियानोला जागा कधी द्यायची हे ठरवायचं, हा अकरा वर्षांच्या डोक्याला पुरून उरेल इतका विचार आहे. कुमार गंधर्व लहानपणी नामवंत गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब तसं गात आणि ऐकणारे थक्क होत. पुढे घराण्याच्या कुंपणाबाहेर स्वतःची गायकी उभी करणारा माणूस हाच. नक्कल आणि नवं यांच्यामधली भिंत आपण मोठ्यांनी घातलेली आहे. मुलं तिच्यावर बसून पाय हलवत असतात.

कारागिरीला महत्त्व नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन विशीत असताना त्याने तारवाद्यांसाठी एक छोटी सिम्फनी लिहिली, १९३४मध्ये ती वाजली. तिच्यातल्या सुरावटी त्याने नऊ ते बारा वर्षांचा असताना केलेल्या होत्या. म्हणजे पोराच्या वहीत बीज होतं, पण त्याला मांडव घालायला तयार हात लागला. खरं आहे. फक्त त्या तयार हाताला पुढे वेल सापडली ती पोराला कुणी ‘आत्ता नको’ म्हटलं नाही म्हणून.

आता दुसरी बाजू. ‘मोकळं सोडा’ म्हणणाऱ्यांचा मोठा आधार म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराची पिल्सबरी शाळा. १९३७पासून दहा-अकरा वर्षं डोनाल्ड पाँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे छोट्या मुलांचं संगीत नुसतं न्याहाळलं, टिपलं. पाठ नाहीत, परीक्षा नाही. त्यातून दिसलं की मुलांचं गाणं वाऱ्यावर उडत नसतं. ठेक्यात घट्ट बसलेली, पुन्हा पुन्हा घोकलेली आरोळीवजा गाणी वेगळी आणि एकट्याने खेळताना गुणगुणलेली सैल, ताल नसलेली गाणी वेगळी. हे काम फार मोलाचं आहे. पण त्या ‘मोकळ्या’ खोलीत काय होतं हे विसरलं जातं. देशोदेशीची निवडक वाद्यं होती, उत्तम नादाची, मुलांच्या हाताला येतील अशी. ती कुणीतरी विचार करून निवडली होती. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फने तर मुलांच्या झायलोफोनच्या, म्हणजे काठीने वाजवायच्या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या, पट्ट्याच काढता येतील अशा केल्या. नको त्या उचलून बाजूला ठेवायच्या, पाच सूर उरवायचे, म्हणजे कुठलाही सूर कुठल्याही सुरावर आपटला तरी कानाला टोचत नाही. याला मोकळीक म्हणायचं की बंधन? मला तरी ‘तुला हवं ते कर’ हे वाक्य मुलासाठी सर्वांत क्रूर वाटतं. त्यापेक्षा ‘तीनच सूर घे, आणि असं संपव की ऐकणाऱ्याला संपलंय हे कळताच कामा नये’ असं सांगून बघा. पोर कपाळाला आठ्या घालून बसेल, कारण आता त्याच्यापुढे सोडवायला काहीतरी आहे.

बंधनातही फरक असतो, बरं. ‘आधी चार मात्रांचा तुकडा कर, मग दुसरा, मग जोड’ हे शिस्तीचं वाटतं, पण पुष्कळ मुलांना आधी अख्खं काहीतरी सुचलेलं असतं, वादळ येतं आणि शमतं असं, किंवा कुणीतरी दबकत चालतंय असं, आणि तुकडे मागाहून येतात. संशोधक पामेला बर्नार्ड यांनी बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसून त्यांनाच विचारलं, तेव्हा आयत्या वेळी वाजवणं आणि रचना करणं यांचं नातंही मुलागणिक वेगळं निघालं: काहींना त्या दोन स्वतंत्र गोष्टी वाटत, काहींना एकीतून दुसरी निघते असं वाटे, काहींच्या लेखी त्या एकच होत्या. एकाच वर्गात हे तिन्ही प्रकार बसलेले असताना सगळ्यांना एका पद्धतीने हाकायचं, ते कुणाच्या सोयीसाठी?

किशोरवयात गोष्ट बदलते आणि वादही जास्त घाण होतो. पंधरा वर्षांचा मुलगा लॅपटॉपवर तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे आयते तुकडे, ओढतो, एकावर एक रचतो. मोठे म्हणतात, ही कात्रणं चिकटवणं झालं. त्यातही तथ्य आहे; तयार लूपांचे ढीग इतके गुळगुळीत असतात की काहीही जोडलं तरी गाण्यासारखं वाजतं, आणि त्या गुळगुळीतपणात विचार न करताही पुढे सरकता येतं. पण अशा एका मुलाच्या मागे मी एकदा अर्धा-पाऊण तास बसलो. त्याने आठ मात्रांचा एकच तुकडा किती वेळा फिरवून ऐकला ते मोजणं मी सोडून दिलं. एक ठोका केसभर मागे सरकवला, ऐकला, पुढे आणला, ऐकला. मग मुखड्याच्या आधीच्या चार मात्रांतून ढोल साफ काढून टाकला. पुन्हा ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलला. मी विचारलं, का काढलास? म्हणाला, ‘आता मुखडा पडतो. आधी नुसता येत होता.’ येणं आणि पडणं यांतला फरक ओळखून चार मात्रा रिकाम्या ठेवणाऱ्या मुलाला विचार येत नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि उसन्या सामग्रीचंच म्हणाल, तर पंधराव्या ते सतराव्या शतकांत युरोपातल्या संगीतकारांनी एकाच फ्रेंच सैनिकी गाण्याच्या चालीवर ४०हून जास्त मास, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीसाठीच्या रचना, केल्या. त्या काळी चाल आपली असावी, असा हट्टच नव्हता. तिच्याभोवती काय बांधता यावरून माणूस ओळखला जाई.

या वयाचं खरं दुखणं वेगळं आहे. कान हाताच्या फार पुढे गेलेला असतो. लहान मुलाला स्वतःची चाल आवडते. पंधराव्या वर्षी ती फिकी आहे हे स्वतःलाच ऐकू येतं. चित्रकला शिकवणाऱ्यांना हे वळण ठाऊक असतं, आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे कळू लागलं की कितीतरी मुलं पेन्सिल खाली ठेवतात. इथे मी ‘आधी शिकवा’वाल्यांच्या बाजूला जाऊन बसतो. याच घडीला कारागिरी लागते: दोन सूर एकत्र का टोचतात, अंतऱ्याहून मुखड्याकडे वळायचं कसं. मुलगा स्वतः ते मागत असतो, अनेकदा शब्दांत न मांडता, चिडचिडीतून. दुर्दैव हे की तोवर आपण त्याला एक तर व्याकरणाने कंटाळवून सोडलेलं असतं, नाही तर कौतुकाने.

बरं, ऐकायचं ठरवलं तरी आपल्या कानाला सवयी असतात. अमेरिकेतल्या संशोधक जीन बॅम्बर्गर यांनी मुलांना टाळ्यांचा एक ठेका कागदावर काढायला सांगितला होता, दुसऱ्याला बघून वाजवता येईल असा. दोन टाळ्या सावकाश, मग तीन एकामागोमाग, आणि पुन्हा तेच. काही मुलांनी दोन मोठे गोल आणि तीन छोटे गोल काढले. काहींनी तिसरा छोटा गोल मात्र मोठा काढला. कोण बरोबर? काळ मोजला तर दुसरी मुलं, कारण त्या तिसऱ्या टाळीनंतर पुढच्या टाळीपर्यंत लांब अंतर आहे. पण पहिल्या मुलांनी तीन टाळ्यांचा एक घोळका ऐकला होता आणि घोळक्यातली तिन्ही पोरं सारखीच काढली. गाणारा माणूस ती जागा घोळका म्हणूनच गातो. आपण लिपी शिकलेले लोक पहिल्या कागदावर लाल फुली मारतो आणि मुलाने जे ऐकलं ते आपल्याला कधीच कळत नाही.

आपोआप गाणी रचणाऱ्या यंत्राचा विषय निघतोच, तोही उरकतो. दोन ओळी टंकल्या की तीन मिनिटांचं गाणं तयार मिळतं. मग मुलांनी कशाला खपायचं? शेवटचं गाणं हाच हिशेब असेल तर या प्रश्नाला उत्तर नाही, आणि गंमत म्हणजे आपले दोन्ही पक्ष तोच हिशेब मांडत आले आहेत. घसरलेलं बोट मुद्दाम त्याच पट्टीवर परत नेणं यंत्र कुणाच्या वतीने करून देणार?

त्या मुलीची गोष्ट अर्धी राहिली. तिची दोन्ही वाजवणी मी फोनवर घेतली होती. ‘तेच तर वाजवलं’वर वाद न घालता दोन्ही एकापाठोपाठ ऐकवली. तिने दुसऱ्यांदा मागितली. मग तिसऱ्यांदा. फोनकडे बघत राहिली, ओठ मुडपून. ‘हं,’ म्हणाली, ‘मग हे आधी, आणि ते नंतर.’ फोन मला परत दिला आणि दोन्ही सलग वाजवली, मधली घसरगुंडी गाळून.